कर्नलला दिलेलं मत

४ ऑगस्ट १८४९, शनिवार

सोमवारपासून तीन दिवस मतदान. केंटकीची नवी घटना लिहायला आमच्या भागातून एकच जण जाणार — मी, नाहीतर कर्नल टॉलिव्हर. चर्चमध्ये सगळ्यांसमोर शब्द देऊन बसलोय: यंदापासून गुलामाच्या पोटी जन्मेल ते मूल स्वतंत्र, असं कलम मागेन.

आणि घरात केझाया! बायको लुसिंडाच्या माहेरून आलेली गुलाम दासी. सातवा महिना लागलाय. आज तिने भीत भीत विचारलं, "मालक, कलम झालं तर हे मूल माझं?"

"हो," म्हणालो.

लुसिंडाने ताट आपटलं. "आधी निवडून तर या!"

केझायाला मीच मोकळं का करत नाही? सासऱ्यांची ठेव आहे, म्हणून. निमित्त आहे हे, देवा. तू जाणतोस.

६ ऑगस्ट

कोर्टाच्या ओट्यावर दिवस गेला. शेरीफ पुकारतो, मतदार मोठ्याने नाव घेतो, ज्याचं घेतलं त्याने उठून आभार मानायचे. चर्चमधला म्हातारा बर्डेट माझ्याकडे न बघता म्हणाला — "टॉलिव्हर!"

कर्नल हसला. "वकीलसाहेब, तुमची प्रार्थना वाटेतच अडकली की काय?"

७ ऑगस्ट

दोघे बरोबरीत.

८ ऑगस्ट

शेवटपर्यंत बरोबरीच. उरलो आम्ही दोघे उमेदवार. स्वतःचं नाव घ्यायचं नाही, समोरच्याचं घ्यायचं — वडिलांच्या काळापासूनची सभ्यता. मी म्हणालो, "कर्नल टॉलिव्हर."

त्याने वाकून आभार मानले. मग त्याची पाळी. छाती काढून म्हणाला, "टॉलिव्हर!"

लोक पोट धरून हसले. दोन मतांनी हरलो.

केझाया दारातच उभी होती. बातमी माझ्याआधी पोचलेली. "मालक, तुम्ही स्वतःला मत दिलं नाहीत?"

"तशी रीत आहे."

"आणि माझं मूल?"

मी टोपी खुंटीला लावत राहिलो.

९ ऑगस्ट

प्रार्थनेला बसलो. 'निमित्त' या शब्दापाशी आलो आणि उठलो.

१० ऑगस्ट

सकाळी चूल थंड. केझाया नाही. मागच्या चिखलात पावलं — नदीकडे जाणारी. पलीकडे ओहायो, तिथे गुलामी नाही. लुसिंडाने शेरीफला बोलावलं. मी त्या पावलांवर उभा राहिलो.

"नदीकडे गेली का हो?" घोड्यावरूनच त्याने विचारलं.

"नाही," म्हणालो. "दक्षिणेला. आईकडे."

तिच्या आईला सहा वर्षांपूर्वी मीच माती दिली.