बंद! ठीक!

आई,

इथे सेंदाईत जिंकोची पानं पिवळी झाली, तुझ्याकडे पहिला बर्फ पडून गेला असेल. छपरावरचा बर्फ काढायला यंदा कोण येणार? मी मजेत आहे. तुझं धुरावलेल्या मुळ्याचं लोणचं आमच्या कुदोसाहेबांनीच अर्धं फस्त केलं.

कामाचं विचारलं होतंस. प्रयोगशाळांना लागणारी रसायनं आम्ही शुद्ध करतो. कार्बन डायऑक्साइड तापवून इतका दाबायचा, की तो धड वायू राहत नाही, धड द्रव होत नाही. मग तो रसायनाच्या भुकटीतून फिरतो, तेलकट मळ तेवढा उचलतो, आणि दाब काढला की मळ टाकून उडून जातो. मागे ओलसुद्धा राहत नाही.

पंप सुरू करण्याआधी प्रत्येक व्हॉल्व्हकडे बोट दाखवून मोठ्यानं म्हणायचं, "बंद! ठीक!" बाबा आगगाडी चालवताना म्हणायचे तसंच. घरी शेगडीपुढेही म्हणायचे आणि तू हसायचीस.

मंगळवारी मी तसं म्हटलं, पण एक व्हॉल्व्ह उघडाच होता. पंप सुरू करणार, तेवढ्यात कुदोसाहेबांनी हात धरला. "तोंड बोललं, बोटही बोललं. डोळे कुठे चरायला गेले होते?"

डोळे तुझ्याकडे होते. शेजारच्या फुमेमावशींनी कळवलंय, या महिन्यात दोनदा किटली जळाली. तू अवाक्षर काढलं नाहीस.

रागावले नाही गं, विसरले तर मीही. पण आता शेगडीकडे बघून, बोट दाखवून, मोठ्यानं म्हणत जा. ऐकायला घरात कोण आहे, असं म्हणू नकोस. रोज सातला फोन करीन. "ठीक!" ऐकल्याशिवाय ठेवणार नाही.

तुझी,
शिओरी