वेणी कापली त्याच्या आधीपासून

आई,

आज कामावर पहाटेची पाळी आहे, म्हणून निघताना तुला उठवलं नाही. गोळी नाश्त्यानंतरच घे. दोन दिवसांत बरं वाटलं तरी मनाने बंद करायची नाही, डॉक्टरच हळूहळू कमी करतील. कानशिलं ठणकली, चावताना जबडा दुखला किंवा अंधुक दिसलं, तर लगेच मला फोन कर. 'ती कामात असेल' म्हणत बसू नकोस.

वरच्या फळीवरचे डबे खाली काढून ठेवलेत.

खांद्या-कमरेला सूज आहे म्हणाले, रक्ताच्या तपासणीतही दिसली. म्हणजे सकाळी तुला तासभर पलंगावरून उठवत नव्हतं, तो आळस नव्हता. नुसतं वयही नव्हतं. आणि मी रोज 'किती लोळशील' म्हणून ओरडायचे.

काल डॉक्टरांनी विचारलं, हात वर जाईनासे कधीपासून झाले? तू म्हणालीस, "वेणी कापली त्याच्या आधीपासून." मला मान वर करवेना. तू केस कापून आलीस, तेव्हा 'या वयात फॅशन सुचलीय' म्हणून मी शेजारच्या काकूंना हसत सांगितलं होतं. तूही हसली होतीस.

आज कंगव्याला हात लावू नकोस. मी आले की विंचरून देते.