बांधावरचा दगड आणि वाकडं तास

वडीलबंधू सर्वियसदादा यांच्या पायांवर डोकं ठेवून नुमेरियसचा नमस्कार. तुम्ही खुशाल असाल तर उत्तम. मी खुशाल आहे. वहिनींच्या खोकल्यासाठी लसूण पाठवतोय (पोटात घ्यायचा, मागच्यासारखा उशाला ठेवायचा नाही).

तुम्ही विचारलंत, की आतून प्रतिपक्षाला मिळालेल्या वकिलाला रोमच्या कोर्टात ‘प्रेवारिकातोर’ का म्हणतात, आणि हल्ली नियम मोडणाऱ्या कोणालाही तोच शब्द का फेकून मारतात. दादा, शाळा चालवता आणि एवढं विसरलात? शब्द आपल्या नांगराचा! त्यातला ‘वारुस’ म्हणजे फेंगडा. नांगर धरणारा कमरेत वाकला नाही, ताठ उभा राहून इकडेतिकडे बघू लागला, की पाय फेंगडे पडतात, जमिनीत ओढलेलं तास वाकडं जातं आणि तो होतो प्रेवारिकातोर. बाबा आपल्याला रोज हीच शिवी द्यायचे (तुम्हांला जास्त, म्हणून तर तुम्ही शिक्षक झालात). वकिलांनी ती शेतातून उचलून आपल्यातल्या वाकड्या माणसाला लावली, आणि आता सरळ रेघ सोडणाऱ्या कोणालाही लावतात, इतकंच.

मला हे ताजं आठवतं, कारण परवा माझंच तास वाकडं गेलं. बैलाला माशी चावली, नांगर शेजारच्या पाकुलाबाईंच्या रानात शिरला आणि हद्दीचा दगड आडवा झाला. जुन्या कायद्यानं हा दगड उपटणारा माणूस बैलांसकट देवाला वाहिला जातो (म्हणजे त्याला कोणीही मारावं), म्हणून मी लगेच ओरडून सांगितलं, की बैलाला माशी चावली. पाकुलाबाई (नवरा जाऊन तीन वर्षं झाली, शेती एकटीच बघतात) धुणं टाकून तरातरा आल्या.

“अहो नुमेरियस, एवढ्या थंडीत माशी? बैल बिचारा बांधाशी थांबत होता, तुम्हीच त्याला पुढे हाकलंत!”

प्रकरण गावच्या पंचांपुढे गेलं, त्यांनी कायदा बाजूला ठेवला. आठ दिवसांनी हद्दीच्या देवाचा सण आहे. तेव्हा दोन्ही घरांनी दगडाला माळ घालायची, मी तो स्वतः उभा करायचा आणि तास का वाकडं गेलं ते सगळ्यांसमोर खरं सांगायचं. दगडापुढे खोटं बोललं तर पीक जळतं. बाकी सगळं छान आहे, ऑलिव्ह भरपूर आलेत.

तुमचा धाकटा,
नुमेरियस

ता. क. माशी नव्हती. मी ताठ उभा राहून पाकुलाबाईंना धुणं वाळत घालताना बघत होतो. दगडापुढे हेच सांगावं लागणार.

ता. क. ते सांगितल्यावर लगेच लग्नाचं बोलणं काढायला वडीलधारं माणूस लागेल. सणाच्या आदल्या दिवशी या. शाळा बुडाली तर बुडू दे.

ता. क. पत्र बंद करत होतो, तेवढ्यात पाकुलाबाईंचा निरोप आला: दगड उभा करा, पण फार खोल पुरू नका.