बाळ्याचा एकसष्टचा गोल

टाकानिनी, रविवार, ७ मे २००६

डायरी, उशीर झाला, माफ कर. अकरा दिवस लिहिलं नाही. थंडी (मुलाच्या ह्या देशात मे म्हणजे हिवाळा), गुडघा, आणि पेन नातीच्या, ओवीच्या दप्तरात. यापुढे रोज लिहीन.

टीव्हीवर नवी मालिका लागली आहे. फुटबॉलवेडी शहरं. दर रविवारी एक, एकूण पाच. आज नेपल्स. बाल्कन्यांना निळे झेंडे, माणसं रडतायत. प्रमोदला म्हटलं, ह्यात काय विशेष, आमच्या कोल्हापुरात मॅच हरली की अख्खी पेठ जेवत नाही. तो म्हणाला, बाबा, जरा हळू, रग्बीचा स्कोअर बघतोय.

पाचांत कोल्हापूर असणारच. नसेल तर घालायला लावू.

गुरुवार, ११ मे

लायब्ररीत मराठी ज्येष्ठांची बैठक. पुकेकोहेहून, त्या कांद्यांच्या गावाहून, बाळासाहेब आला होता. मुलाकडे राहतो. एके काळी हा शेजारच्या पेठेचा फॉरवर्ड, मी आमच्या तालमीच्या टीमचा गोलकीपर. एकसष्टची फायनल त्यानं एका गोलानं जिंकली. तो गोल हातानं मारला होता. डाव्या. मला दिसलं, रेफरीला नाही.

आज पुण्याच्या बायकांना तोच गोल सांगत होता. हेडर म्हणे! मनोरमाबाईंनी टाळ्या वाजवल्या. वर मला विचारतो, जग्या, चेंडू दिसला तरी हुता का रं?

चहा न पिता उठलो. बिस्किटं खाल्ली होती.

ठरलं. मालिकेत कोल्हापूर येईल, मला मुलाखतीला बोलावतील, मी जगासमोर सांगीन. मग पुकेकोहेत बाळ्याला कोणी कांदेसुद्धा विकणार नाही.

शनिवार, १३ मे

चॅनेलला पत्र टाकलं. सातवीचं इंग्रजी, पण मुद्देसूद. चार पानं. बाळ्याच्या हाताची आकृती काढली. सूनबाई म्हणाली, बाबा, मालिका आधीच तयार झालेली असते. मृदुला हुशार आहे, पण खेळातलं कळत नाही.

रविवार, २१ मे

ग्लासगो. एका गावात दोन टीम, जन्माचं वैर. सरळ आमची नक्कल.

शुक्रवार, २६ मे, सकाळी ११

उत्तर आलं! खाली शाईची सही. पहिलाच शब्द थँक यू. ओवीला वाचायला दिलं. म्हणाली, आजोबा, इट्स मेड ओव्हरसीज, दे कान्ट ॲड अ सिटी. नऊ वर्षांची पोर, तिला ऑफिसची भाषा काय कळणार. खाली लिहिलंय, शेवटचा भाग तुम्हाला आवडेल अशी आशा आहे. एवढं मोठं चॅनेल उगाच आशा करील?

रविवार, २८ मे

पुढच्या रविवारची झलक दाखवली. इंडिया! गर्दी, मैदान, पिवळ्या टॅक्सी. कोल्हापुरात पिवळ्या टॅक्सी कधी आल्या? सुधारणा झाली असेल.

बाळ्याला फोन करून जेवायला बोलावलं. म्हणाला, मटण असलं तर येतो. मृदुलाला तांबडा-पांढरा करायला सांगितलं. तिनं विचारलं, काही खास? म्हटलं, सूड. ती म्हणाली, दोन किलो पुरेल ना?

रविवार, ४ जून, रात्री ९.३०

कोलकाता.

वाटलं, बाळ्या हसेल. तो माझ्याहून चिडला. ह्यास्नी कोल्हापूर दिसलं न्हाई? आंधळी हाईत काय? दोघांनी मिळून चॅनेलला शिव्या घातल्या. ओवीला बाहेर नेलं, पुन्हा आणलं.

मग मी सर्वांदेखत म्हटलं, पण बाळ्या, ती हँड होती. तो नळी चोखत म्हणाला, हुती की. डाव्या हाताला लागला चेंडू.

मी उभा राहिलो. पंचेचाळीस वर्षं! प्रमोदला म्हटलं, ऐकलंस?

बाळ्या पुढे म्हणाला, पर लेका, हाताला लागून चेंडू मेल्यागत घरंगळत चालला हुता. तू आपला दोन्ही हात वर करून रेफरीच्या नावानं वरडतोयस. नुसता वाकला असतास तरी घावला असता.

ओवी म्हणाली, आजोबा, यू डिडन्ट ईव्हन ट्राय?

प्रमोदनं टीव्ही बंद केला. मृदुलानं बाळ्याला आणखी पांढरा वाढला. मागितला नव्हता.

सोमवार, ५ जून

बाळ्या खोटारडा आहे. मी उडी मारली होती. उजवीकडे. बहुतेक.

कोल्हापूरला शिवाजीला पत्र लिहिलं. तो आमचा फुलबॅक, चार हातांवर उभा होता. आज राणीच्या वाढदिवसाची सुट्टी, पोस्ट बंद, म्हणून इथं उतरवून ठेवतो:

शिवाजी, फायनलला मी उडी मारली होती का? फोन करू नकोस, घरात सगळे ऐकतात. मारली असेल तर लवकर कळव.