पाण्याखालचा अंगठा

दि. ९ डिसेंबर

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तू विणलेला स्वेटर पोचला. पाणबुड्यांच्या, पाणी आत न येऊ देणाऱ्या सूटच्या आत तो घातला की मी कापूस कोंबलेल्या उशीसारखी दिसते, पण काल चार अंशांच्या पाण्यात अर्धा तास काढला आणि दात वाजले नाहीत. गळ्याशी सूटचं रबर मात्र असं आवळतं की वाटतं, पाण्याआधी हेच आपला जीव घेणार. जाड हातमोज्यांत साधी कडी लावायला मला आठवडा लागला.

बुडी मारायला शिकवणाऱ्या मास्तरनं मला ओळखलेलं नाही. सासरचं आडनाव कामी आलं. दोन वर्षांपूर्वी याच खाणीच्या तळ्यात दादाचा जोडीदार म्हणून उतरलेला आणि एकटाच जिवंत वर आलेला माणूस आता मला जोडीदाराचे नियम शिकवतो, आणि मी मान डोलावते. गळ्यावरून आडवा हात फिरवला म्हणजे हवा संपली, आपली जादा नळी द्यायची. अंगठा वर केला म्हणजे वर चला. आणि कडाक्याच्या थंडीत काठावर नळीतून श्वास घ्यायचा नाही, नाहीतर वाफेचा आत बर्फ होतो आणि खाली गेल्यावर सगळी हवा भसाभसा सुटून जाते. दादाचं तेच झालं होतं.

चौकशीत हा म्हणाला, दादानं हवा मागितलीच नाही, घाबरून वर सुटला. कागदावर तेच राहिलं. आत्या, मला एवढंच हवंय की यानं एकदा माझ्याकडे हवा मागावी. मी त्याला अंगठा दाखवीन.

काकांना नमस्कार. माझ्यावरचा राग आणि माया, दोन्ही असू दे.
तुझी,
धाकटी


दि. १७ डिसेंबर

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा चष्मा लावून. तुझे काका म्हणाले, पोरीला परत बोलाव, असल्या कामात आपलंच वाटोळं होतं. मी त्यांना भाजी चिरायला बसवलं.

चौकशीच्या खोलीत तो मास्तर माझ्या शेजारी बसला होता. माझाच रुमाल मागून घेऊन त्यानं डोळे पुसले. तो रुमाल मी अजून धुतलेला नाही. तुझी वहिनी दादाचा फोटो कपाटात ठेवते, कारण येणारा-जाणारा विचारतो, इतके घाबरट होते का हो? असलं ऐकून घ्यायला तिनं काय पाप केलंय?

दुसरा स्वेटर पाठवतेय. उजवी बाही मुद्दाम सैल ठेवली आहे, हात झटकन उचलता यावा म्हणून. त्याला पाणी पाजून ये.

पोटभर जेवत जा. आमचा जीव तुझ्यापाशी आहे, हे ध्यानात ठेव.
तुझी,
आत्या


दि. २२ जानेवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

काल शेवटची परीक्षा झाली. काठावर बर्फ होता. मास्तर इतर सहा विद्यार्थ्यांसमोर रंगात आला आणि नळी नीट चालते हे दाखवायला तिच्यातून दोन लांब श्वास घेतले. जे करू नका म्हणून महिनाभर घसा कोरडा केला, नेमकं तेच. मी बघितलं आणि गप्प बसले. हे तुला सांगितल्यावाचून राहवत नाही.

पहिली पाळी माझी, म्हणून आम्ही दोघंच उतरलो. अठरा मीटरवर त्याची हवा सुटली. बुडबुड्यांत तो दिसेना. मग सिलिंडर रिकामा झाला आणि त्यानं गळ्यावरून हात फिरवला. मी अंगठा दाखवला. त्याचे डोळे बघून मला बरं वाटलं, आत्या, खरंच बरं वाटलं. मी मनात आकडे मोजत होते. चारवर आल्यावर कळलं की दादानंही असेच मोजले असतील, आणि माझ्याच्यानं पाच म्हणवेना. जादा नळी मी त्याच्या तोंडात कोंबली.

पण त्याचा पट्टा सोडला नाही. पाण्याखाली लिहायची पाटी कमरेला असते, तिच्यावर लिहिलं, मी तुझ्या मेलेल्या जोडीदाराची बहीण, त्यानं हवा मागितली होती का? पाटी-पेन्सिल त्याच्या हातात दिली. त्यानं आधी माझ्या मुठीतला पट्टा बघितला. मग लिहिलं, तीनदा मागितली. ते वाचल्यावर, आता वर चल म्हणून, मी अंगठा दाखवला.

वर आल्यावर तो पाटीवर झडप घालायला आला. ही पाटी पाण्यानं पुसली जात नाही, बोटानं घासावी लागते. मी ती आधीच विद्यार्थ्यांच्या हाती दिली होती आणि सहाही जणांनी वाचली होती. चौकशी अधिकाऱ्यानं फेब्रुवारीच्या दुसऱ्या सोमवारी बोलावलंय.

मी हवा दिली म्हणून रागावली असशील. रागाव, पण लिही.
तुझी,
धाकटी


दि. २८ जानेवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

रागावले होते. दोन दिवस काकांशीही बोलले नाही. मी असते तर पन्नासपर्यंत मोजलं असतं, खोटं कशाला सांगू? पण मग आपल्याकडे पाटी नसती, नुसतं एक प्रेत असतं, आणि त्याच्यासाठीही कुणीतरी माझाच रुमाल मागितला असता.

तो रुमाल सोबत पाठवतेय. पाटी त्यात गुंडाळ आणि त्या सोमवारी स्वतःच्या हातानं टेबलावर ठेव. वहिनीनं आज भिंतीत खिळा ठोकून घेतला. फोटो मात्र पाटी वाचल्याशिवाय लावणार नाही म्हणते.

काळजी घे, म्हातारीला वाट बघायला लावू नकोस. आणि तोवर पाटीला कुणाचाही अंगठा लागू देऊ नकोस.
तुझी,
आत्या