गोठ्याशी वाढलेली पत्रावळ

कर्जत, माघ शुद्ध सप्तमी, शके १८५२

अजून डोकं तापलेलंच आहे. खालापूरला खोतांकडे आज बारसं होतं. आडवं आलेलं ते मूल भागीमावशीनं वळवलं. मी नुसती बाळंतिणीचे हात धरून बसले होते. तरी दवाखान्यातली नर्स म्हणून मला माजघरात पाट, आणि ठाकरवाडीची सुईण म्हणून तिची पत्रावळ गोठ्याशी! जिनं मला हे काम शिकवलं, तिची!

मी पाटावरून उठले का? नाही. लाडूसुद्धा खाल्ला मेला.

परतताना ती म्हणाली, "गप का गं? पोटभर जेवलीस ना?" मग पदराची गाठ सोडली. "घे, तुला आवडतो म्हणून ठेवलाय."

लाडू. मी माजघरातून पाहिलं होतं, तिला एकच वाढला होता.