उपासाच्या पानातला खिमा

झाबिया वोल्या,
९ फेब्रुवारी १९८६

बोग्नाताईस,

सप्रेम वगैरे लिहीत नाही, उगाच खोटं कशाला! इथे सगळे बरे आहेत. तुम्ही क्राकूफकर बरे असालच, तुम्हाला काय धाड भरलीय!

तुझं पत्र मिळालं. 'आईला आता काही कळत नाही, नाताळच्या आदल्या संध्याकाळी काय झालं ते विसरलीस का?' असं मलाच विचारतेस? नाही विसरले. दोन दिवस आम्ही दोघी ओट्याशी उभ्या होतो. कोबीचे गड्डे उकडले. आईने एकेका पानाची जाड शीर तासली, तुझ्या दाताखाली येते म्हणून. मग पानांत सारण भरून गोवोंब्की वळले. उपासाचे बिनमांसाचे, कुट्टू आणि सुक्या अळंबीचे, ते निळ्या पातेल्यात. दुसऱ्या दिवसाचे डुकराच्या खिम्याचे, काळ्या पातेल्यात. त्या खिम्यासाठी मी तीन तास रांगेत होते. एकदा पान गुंडाळलं की दोन्ही सारखेच दिसतात.

आणि तू आलीस. ओव्हरकोटसुद्धा न काढता म्हणालीस, "शी! कसला हा कोबीचा वास! आई, कशी राहतेस गं हिच्याजवळ?"

जेवताना तुझ्या सासूबाईंनी घास तोंडातून काढला. "अगंबाई, हे तर मांस!"

"बघा," तू म्हणालीस, "उपासाला खिमा! आईचं डोकं ठिकाणावर नाही."

आईने माझ्याकडे पाहिलं. "माझंच चुकलं गं. माझ्याकडून पातेलं बदललं."

आता नीट वाच. आईचं काहीही चुकलं नव्हतं. काळं पातेलं मी उचललं. चुकूनच. पण वाढताना वास आला आणि मला कळलं. थांबणार होते, देवाशप्पथ. तेवढ्यात तू सासूबाईंना म्हणालीस, "लुडविकाच्या हातचं खायचं म्हणजे धाडसच." माझं टाळकं सरकलं. म्हटलं, गिळ भवाने, मोड तुझा उपास! आणि तुला दोन जास्तच वाढले.

आई शेजारीच होती. तिने सगळं पाहिलं होतं.

त्या एका गोष्टीवरून तू तिला जानेवारीत नन्सच्या वृद्धाश्रमात टाकलंस. मी तोंडातून ब्र काढला नाही. म्हणजे मीही टाकलंच.

गेल्या रविवारी तिचा कोट घेऊन तिला आणायला गेले होते. तुझ्या सहीशिवाय सोडत नाहीत म्हणे. आईने एवढंच विचारलं, "ताईला सांगितलंस?"

"नाही."

"मग माझा कोट कशाला आणलास?"

बाहेर येऊन बसथांब्यावर मी ढसाढसा रडले. सही करून पाठव. मला हवं ते म्हण, गावभर सांग, पाद्र्याला सांग. माझं तोंडही बघू नकोस, मला तुझं बघायची हौस नाही. पण आईला वेडी म्हणायचं नाही. एकदाही नाही.

शुद्धीवर असताना तुझा उपास मोडणारी,
लुडविका